पाच फोटो आणि आत्याचं नाक

माझ्या आत्याचा बिनमेकअपचा चेहरा तिच्या आरशाशिवाय कोणी पाहिलेला नव्हता. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली तरी आधी भुवया, मग कडी. लहानपणी मी तिला एकदा विचारलं होतं, "आत्या, घराला आग लागली तर गं?"

"आग लागली की उजेड छान पडतो. पटकन होईन तयार."

या सगळ्याचं मूळ होतं आमच्या घराण्याचं नाक. मधे उंचवटा, पुढे खाली वळलेलं टोक. आजोबा न्हावी होते. घरातला पैसा पुढच्या पिढीपर्यंत कधी पोचला नाही, नाक मात्र न चुकता पोचलं. आजोबांना ते शोभायचं, बाबांनाही शोभतं. आत्याला मात्र शाळेत 'पोपट' म्हणायचे. मग एका स्नेहसंमेलनाच्या दिवशी तिनं आजोबांच्या दुकानातल्या पावडरीत काजळ कालवलं, नाकाच्या दोन्ही बाजूंनी सावली ओढली आणि स्टेजवर गेली. त्या दिवशी कोणी पोपट म्हटलं नाही. झालं. त्या दिवसापासून हातातला ब्रश सुटला नाही तो नाहीच.

आता थिएटरच्या मागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत लाकडी डोक्यांवर ओळीनं विग, आतल्या खोलीत भोवती दिवे लावलेला आरसा आणि सगळीकडे डिंकाचा वास. तिनं राजे केले, भिकारी केले, भुतं तर इतकी केली की रात्री भीती वाटायची ती भुतांनाच वाटत असावी. टाळ्या मात्र नेहमी त्या चेहऱ्यांना मिळाल्या. आत्या विंगेत उभी राहून स्पंज पिळायची.

म्हणून त्या फोनचं महत्त्व. परदेशातला निर्माता होता, पूर्वी एका दौऱ्यात त्यानं तिचं काम पाहिलं होतं.

"आमचा मेकअपवाला जिन्यावरून पडला, मनगट मोडलंय," तो सांगत होता. "शनिवारी पहिला प्रयोग. आमची नटी विसाव्या वर्षापासून ऐंशीपर्यंत स्टेजवरच म्हातारी होते. पडदा पडत नाही, नुसता मधेमधे अंधार."

"अंधार केवढा?"

"एक श्वास घेण्याएवढा."

"पुष्कळ झाला. म्हातारी आधी करून ठेवायची, वरून तरुणी चढवायची आणि प्रत्येक अंधारात एकेक थर उतरवायचा."

मग तो म्हणाला, "बाई, तुम्ही याच. जाहिरातीत नाव घालतो तुमचं. नटीच्या शेजारी."

आत्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ठमे, ऐकलंस? शेजारी!"

तिनं पासपोर्ट काढला, तर त्याची मुदत कधीच संपलेली.

"त्यात काय," आत्या म्हणाली. "नवा काढू. माझंच नाव, माझंच तोंड."

त्यातलं नाव तिचं होतं, तेवढं बरोबर.

तातडीच्या खिडकीवर बसलेल्या मॅडम निवृत्तीला आलेल्या, सडपातळ, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी आत्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं. कॉम्प्युटरनं जुना फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहिला आणि लाल पट्टी दाखवली.

"जुळत नाही," मॅडम म्हणाल्या.

"पुन्हा विचारा त्याला."

पुन्हा विचारलं. पुन्हा लाल.

"दुसरं काही आहे, फोटो असलेलं?"

आत्यानं पर्समधून एकेक काढून टेबलावर मांडलं. गाडीचं लायसन्स, बँकेचं ओळखपत्र, वाचनालयाचं कार्ड, नाट्यसंघटनेचं कार्ड. पासपोर्ट धरून पाच. मॅडमनी चष्मा वर केला. पाचही फोटोंवरून नजर फिरवली, मग आत्याकडे पाहिलं, मग परत फोटोंकडे.

"या पाच बायका कोण?"

"मीच."

"पाचही?"

"आता प्रत्येक जागेला एकच तोंड कसं घेऊन जायचं? या पासपोर्टमधल्या बाई प्राध्यापक आहेत. म्हटलं परदेशात जरा वजन पडावं. वाचनालयात तरुण. लायसन्सवर गाल भरलेत बघा, सुखवस्तू बाईला पोलीस अडवत नाही. संघटनेचं कार्ड काढलं तेव्हा शोकांतिका चालू होती, म्हणून डोळे खोल गेलेत. आणि बँकेत गरीब दिसून कसं चालेल?"

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"आणि आज आलेली कोण?"

"आज ना? कामाला निघालेली, विश्वासू."

"म्हणजे सहावी."

हे असं नाटकवालीच करू जाणे. चोर नाव बदलतात आणि तोंड तेच ठेवतात. आमच्या बाईसाहेबांनी नाव एकच ठेवलं आणि तोंडं पाच केली, तीही स्वतःच्या हातानं, सरकारी कागदावर.

"मॅडम, ही माझी सख्खी आत्या आहे," मी मधे पडले.

"घरच्यांचं चालत नाही. आत्या परदेशी जातेय म्हटल्यावर भाची काहीही सांगेल."

आत्यानं मान ताठ केली. "थांबा. तुम्हाला प्राध्यापक बाई हव्यात ना? आणते."

आणि तिनं तिथंच, खिडकीसमोर, पर्समधली डबी उघडली. दारावरच्या शिपायाच्या हातात आरसा दिला. "जरा उजवीकडे धरा दादा. हां, हलू नका, प्रयोग चालू आहे." नाकाच्या एका बाजूला गडद रेघ, शेंड्यावर फिकट ठिपका, गालफडाखाली सावली, भुवईला कोपरा. फक्त अर्धा चेहरा केला. मग वळली. डावीकडे विश्वासू बाई, उजवीकडे पासपोर्टमधल्या प्राध्यापक, जशाच्या तशा, ती फिक्कट नाराजीसुद्धा. रांगेनं टाळ्या वाजवल्या. शिपायानं आरसा बगलेत धरून वाजवल्या.

आत्यानं किंचित वाकून टाळ्या घेतल्या. मला वाटलं, सुटलो.

"फार सुंदर," मॅडम म्हणाल्या. खरंच मनापासून म्हणाल्या. "पण यानं सिद्ध काय झालं? की तुम्ही कोणाचाही चेहरा करू शकता. उद्या माझा करून माझ्या खुर्चीत बसाल."

"तुमचा जरा अवघड आहे. त्या भुवया..."

"काय झालं माझ्या भुवयांना?"

"काही नाही, काही नाही," मी आत्याला कोपर मारलं. डाव अंगावर उलटला होता. जितकी कला दाखवावी तितकी ती परकी होत चालली होती. आत्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिनं डबी बंद केली आणि पर्समध्ये टाकली. तो 'शेजारी' शब्द तिच्या डोळ्यांसमोरून जाताना मला दिसत होता.

मॅडमनी खणातून भिंग काढलं. पाचही फोटो जवळजवळ सरकवले. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "केस मागे घ्या."

"काय?"

"डावा कान दाखवा."

आत्यानं केस मागे घेतले. कानाच्या वरच्या कडेला छोटीशी खाच आहे, उंदरानं कुरतडल्यासारखी. मी ती जन्मापासून बघत आले आणि कधी पाहिलीच नव्हती. मॅडमनी एका फोटोवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पाचही बायकांना तीच खाच.

"फोटोत कान दिसलेच पाहिजेत असा नियम आहे. लोकांना वाटतं, सरकारला काम नाही म्हणून केलाय," त्या म्हणाल्या. "चेहऱ्याला नाटक येतं हो. कानाला येत नाही."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "कान कोण बघणार, म्हणून कधी ब्रशच लावला नाही," ती हळूच म्हणाली.

"मी बघते. तीस वर्षं तेच करतेय. हे कशानं झालं?"

"वडिलांची कात्री. केस कापताना मी हलले."

"हलू नको म्हणाले नाहीत?"

"दरवेळी म्हणायचे. मी कधी ऐकलं?"

आता मॅडम हसल्या. कागदावर सही केली, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "आता तोंड धुवून या. नवा फोटो काढायचाय."

आत्याचा हात पर्सकडे गेला.

"थोडी पावडर तरी?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. विमानतळावरच्या दारांत मशीन असेल, तिथं कान बघायला मी नसेन."

"आणि नाही धुतलं तर?"

"तर शनिवारी ती नटी विशीतच राहील."

पासपोर्टची घाई का, हे आत्यानं अर्जात लिहिलं होतं. मॅडमनी अर्जही वाचला होता म्हणायचं.

बाथरूममधल्या आरशाला एक तडा होता आणि वर पांढरा, निर्दय दिवा. आत्यानं क्रीम लावून कापूस फिरवला. आधी प्राध्यापक गेल्या, मग विश्वासू बाई. मग गालांवरचा रंग, मग भुवया. शेवटी नाकावरच्या सावल्या. प्रत्येक थर उतरवताना ती अगदी शांत होती, दुसऱ्या कोणाचा तरी मेकअप काढत असल्यासारखी.

"हसलीस तर बघ, ठमे."

"नाही हसत."

"मग बोल काहीतरी."

"आजोबांसारखी दिसतेस."

ती आरशात वाकली. टोकापासून उंचवट्यापर्यंत बोट नेलं. "दुकानात मला पाटावर बसवायचे ना केस कापायला, तेव्हा मागे उभे असायचे. आरशात दोन नाकं दिसायची. एक खाली, एक वर." मग ओल्या हातानं केस कानांमागे सारले. "वरचं नाक दिसतंय का बघत असायचे मी. म्हणून हलायचे."

मी रुमाल पुढे केला. तिनं तोंड टिपलं, खांदे मागे घेतले. "चल. एंट्री आहे माझी."

आणि गेली ती अशी गेली, जणू तिसरी घंटा झाली होती आणि हजार माणसं वाट बघत होती. शिपायानं आधी ओळखलंच नाही. "बाई, रांगेतून या."

"दादा, मघाशी आरसा धरलात तो याच तोंडासाठी."

फोटो निघाला. कॉम्प्युटरवर मोठा दिसला. नाकासकट, खाचेसकट. मॅडम म्हणाल्या, "आता कुठंही कोणीही ओळखेल."

"तीच तर भीती आहे," आत्या म्हणाली. पण पासपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी हातात आला तेव्हा तिनं तो फोटो बराच वेळ पाहिला आणि झाकला नाही.

विमानतळावर मी तिला सोडायला गेले. घरातून निघताना ती डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, गळ्यात मोठा रुमाल अशी गुंडाळून आली होती. हातातल्या पेटीत एका नटीची साठ वर्षं होती. काचेपलीकडे चेहरा तपासणारी दारं दिसत होती. लोक एकेक करून उभे राहत, मशीन बघे, दार उघडे. कोणासमोर एकदा अडलं, त्याला टोपी काढायला लावली.

आत्याची पाळी आली. तिनं चष्मा काढला. रुमाल काढला. नाक वर केलं आणि तयारीत उभी राहिली. मला माहीत होतं, तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. मशीन काय म्हणेल, मग ती काय म्हणेल, मग कान कसा दाखवायचा.

पाय नीट टेकायच्या आत दार उघडलं.

ती तिथंच उभी. मागच्या माणसानं म्हटलं, "ताई, व्हा ना पुढे." आत्यानं वळून मला शोधलं आणि काचेपलीकडून, सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल अशा स्टेजवरच्या आवाजात ओरडली,

"अगं, नीट बघितलं तरी का यानं?"