चेटकीण पास, शेवट नापास

न मागता मत देणारी बाई अशी लालबागच्या आमच्या चाळीत माझी ख्याती होती. त्यामुळे त्या मे महिन्यात मंडळाचे सेक्रेटरी आपल्या पायांनी दारात येऊन माझं मत मागू लागले, तेव्हा आईचा विश्वासच बसेना. तांदूळ निवडायचे सोडून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

प्रश्न सिनेमाचा होता. धोबीतलावाकडच्या एका थेटरात इंग्रजी सिनेमा लागला होता, ज्यात माणसं नव्हतीच, हाताने काढलेली चित्रंच चालायची, बोलायची आणि गायची. गिरगावापासून परळपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तोच होता. चाळीतल्या पोरांना सुट्टीत तो दाखवायचा असं मंडळाने ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर मंडळाचेच दोन तट पडले. एक तट म्हणे, त्यात चेटकीण आहे, पोरं झोपेत दचकतील. दुसरा म्हणे, संयुक्त महाराष्ट्रासाठी आपण रस्त्यावर उतरायचं आणि पोरांना इंग्रजी सिनेमा दाखवायचा, हे कुठलं शहाणपण? इंग्रजी म्हटलं की चुंबन आलंच, ही भीती मात्र दोन्ही तटांना सारखीच होती.

“बाई, तुम्ही म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवता,” सेक्रेटरी म्हणाले. ते स्वतः गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि चळवळीतला एकही मोर्चा चुकवत नसत. “तुम्ही आधी बघून या नि पास की नापास तेवढं सांगा. तुमचा शब्द शेवटचा.”

“हडळीक कोण भियाता रे?” आई आतून म्हणाली. “आमच्या पोरांका मी रोज एक हडळ जेवणाबरोबर वाढतंय.”

ते खरंच होतं. आईच्या गोष्टींत वडावरचा मुंजा असायचा, उलट्या पायांची हडळ असायची, आणि आमच्या मजल्यावरची पोरं त्या ऐकून गाढ झोपायची. त्यामुळे चेटकिणीचा निकाल माझ्या मनात थेटरात जाण्यापूर्वीच लागला होता. मला काळजी होती ती दुसरीच, आणि ती आमच्याच खोलीत होती.

आमच्या खोलीत तेव्हा आम्ही चौघी राहत होतो. आई, मी, वहिनी आणि माझ्या भावाची सात वर्षांची मुलगी. भाऊ त्याआधीच्या थंडीत मोर्चाला गेला आणि गोळीबारात गेला. शहरात कर्फ्यू होता. पोरीला तिच्या मावशीकडे गिरगावात ठेवलं होतं, ती पंधरवड्याने परत आली तोवर आम्ही सगळं उरकलं होतं. दिवस काळाचौकीला मामाच्या घरी घातले. पोर दारात येऊन उभी राहिली आणि “बाबा कुठे?” म्हणाली, तेव्हा आईने पटकन सांगून टाकलं, “बापूस गावाक गेलो हा.”

एकदा सांगितलेलं मग निभावावं लागलं. वहिनीच्या कपाळाकडे बघून पोरीने प्रश्न विचारला असता, म्हणून माझ्या आईने, जी एकादशी चुकवत नव्हती आणि संध्याकाळी केरसुणीला हात लावू देत नव्हती तिने, सुनेला सांगितलं की कुंकू पुसू नको, मंगळसूत्र काढू नको. चाळीत कुजबुज झाली. आईने गॅलरीत उभं राहून एकेकीला असं काही सुनावलं की कुजबुज बंद पडली. वहिनी रोज सकाळी आरशासमोर बसून कुंकू लावायची आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात कामाला जायची. मला ते बघवायचं नाही. मी आईशी भांडायचे, आणि आईचं उत्तर ठरलेलं असायचं, “चेडू ल्हान असा. माका शिकवू नको.”

तर मी सिनेमाला गेले. सकाळचा खेळ, थेटरात बहुतेक पारशी आणि गोरी मुलं, आणि त्यांत नऊवारी नेसलेली मी एकटी. शेजारच्या पारशी म्हातारीने मला न विचारता गोळ्या दिल्या आणि मी न लाजता खाल्ल्या. सिनेमा फार सुंदर होता. आजही मी तेच म्हणेन. समुद्रात एका खडकावर दीपगृह, तिथला रखवालदार आणि त्याची मुलगी. धुक्याची चेटकीण येते आणि बापाला दगड करून टाकते. मुलगी एका बडबड्या बगळ्याला घेऊन समुद्राच्या तळाशी जाते, तिथलं पाणी ओंजळीतून आणते आणि दगडावर शिंपडते. दगडाच्या पापण्या हलतात. बाप डोळे उघडतो, मुलीला खांद्यावर घेतो आणि दिवा लावतो. सगळं थेटर टाळ्या वाजवत होतं. मी मात्र टाळी वाजवली नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर आमची पोर होती.

मंडळाच्या सभेत मी उभी राहिले आणि निकाल सांगितला. “चेटकीण पास. दिसते भयंकर, पण पोरांना थोडी भीती वाटलीच पाहिजे, नाहीतर धीर कसा धरायचा ते त्यांना कसं कळणार? चुंबन एकच आहे, तेही बगळ्याने बेडकाच्या टाळूवर घेतलेलं. आणि सिनेमा बघून मराठी विसरायला आपली पोरं काय एवढी लेचीपेची आहेत?” लोक हसले. सेक्रेटरींनी बस ठरवायची जबाबदारी घेतली. मग ते हळूच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “तुमच्या भाचीचं नाव घालू ना?”

“आत्ताच घालू नका,” मी म्हटलं. “शेवट नापास आहे.”

त्यांना कळलं. भावाला खांदा देणाऱ्यांत ते होते. ते मान हलवून गेले.

घरी मी आईला स्वच्छ सांगितलं. सिनेमातला मेलेला बाप उठून उभा राहतो. आपण पोरीला खोटं सांगून ठेवलंय, त्यावर हे बघितलं तर ती जन्मभर वाट बघत बसेल. आधी खरं सांगायचं, मग सिनेमा. आणि सिनेमाला नेलं नाही, तर सगळी पोरं जाणार नि हिलाच का नाही, हे तरी तिला कोणी सांगायचं?

“सांग तूच,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. “माझ्या तोंडातसून ता येवचा नाय.” वहिनी भाकरी थापत होती. तिने वर बघितलं नाही.

मी सांगणार होते, त्यात शंका नव्हती, पण कसं ते ठरत नव्हतं. शेवटी पोरीनेच ते ठरवलं. रविवारी दुपारी मजल्यावरची पोरं मला गॅलरीत घेरून सिनेमाची गोष्ट ऐकत होती. बगळ्याचा आवाज काढून काढून माझा घसा बसला. गोष्ट संपली, पोरं पांगली आणि ही तेवढी राहिली.

“आत्या, मग तो बाबा तोंड कधी धुतो?”

“कोण? दीपगृहवाला? त्याला तोंड कशाला धुवायला पाहिजे?”

तिने माझा हात धरला आणि मला घरात मोरीपाशी नेलं. मोरीच्या कठड्यावर, घासायच्या राखेच्या डब्यामागे खोबरेल तेलाची वाटी ठेवलेली होती. ती वाटी मी कित्येकदा पाहिली होती. आई केसांना लावते, असं मी धरून चालले होते. आई नंतर म्हणाली, तिला वाटलं होतं ती माझी.

“मी रोज नवीन भरते,” पोर म्हणाली. “धूळ पडते ना.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

माझा भाऊ गिरणीतून सुटला की दशावतारात काम करायचा. आमच्याकडची गाववाली मंडळी पूजेला, गणपतीला चाळीच्या चौकात नाटक करायची आणि भाऊ दरवेळी राक्षस व्हायचा, कारण त्याच्याइतका आवाज दुसऱ्या कोणाला नव्हता. राक्षस म्हणजे शेवटी मरणं आलंच. देवाच्या हातून मार खाऊन तो धाडकन पडायचा, चौक दणाणायचा, आणि मग उशिराने घरी यायचा, तोंडाला लाल-काळा रंग तसाच. तो रंग खोबरेल तेलाशिवाय निघायचा नाही. मोरीत तो बसायचा आणि लेक वाटी धरून उभी राहायची. तिला कळायला लागल्यापासून बाप असाच मरत आला होता आणि मेला की तोंड धुवायला घरी येत आला होता.

“जिन्यावर बोलत होते,” ती म्हणाली, “बाबांना मारलं म्हणून. आजी म्हणते गावाला गेलेत. पण मारलं तर घरीच येणार ना? यावेळी फार उशीर झाला.”

म्हणजे आमचं खोटं केव्हाच उघडं पडलं होतं. चार बायका एका खोलीत, आणि तिघी मिळून चौथीपासून जे लपवत होत्या ते तिला ठाऊक होतं. फक्त मरण म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं.

मी तिला तिथेच मोरीच्या कठड्यावर बसवलं. आई आणि वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. मी म्हटलं, “बाय, चौकात बाबा मरायचे ते नाटक होतं. देवाच्या हातातली तलवार लाकडाची असायची. मोर्चात बाबांना खरी गोळी लागली. खरं मरण आलं की माणूस उठत नाही, घरी येत नाही. आपले बाबा येणार नाहीत.”

मग तिने विचारलं, “रंग लावला नव्हता?”

“नाही गं. नुसतेच होते. पांढऱ्या सदऱ्यात.”

पोर आजीकडे वळली. माझ्या आईने, जिने भावाच्या दिवसांतसुद्धा हूं की चूं केलं नव्हतं, पोरीला पोटाशी धरलं आणि गळा काढला. मग दोघी रडल्या. मी आडवी आले नाही. वहिनी पुढे झाली, मोरीतल्या बादलीतून पाणी घेतलं आणि कपाळ धुतलं. मी तिचा हात धरायला गेले, तर ती म्हणाली, “धुवू द्या वन्सं. रोज लावायचं म्हणजे रोज त्यांना नव्याने मोर्चाला पाठवल्यासारखं वाटायचं. दमले मी.” तिचं कोरं कपाळ बघून मला भडभडून आलं, पण तिचा चेहरा त्या थंडीपासून पहिल्यांदाच सैल झाला होता.

सेक्रेटरींना मी निरोप दिला की नाव घाला.

बसमधून पोरं घोषणा देत गेली, इंग्रजी सिनेमाला जाताना ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. सेक्रेटरी पुढे उभे राहून त्यांच्याहून मोठ्याने ओरडत होते. थेटरात भाची माझ्या शेजारी बसली. चेटकीण आली तेव्हा चाळीतली पोरं खिदळली. “आजीची हडळ हिला खाऊन टाकील,” असं कोणीतरी म्हणालं. मग शेवट आला. मुलीने पाणी शिंपडलं, दगडाच्या पापण्या हलल्या. मी पडद्याकडे न बघता पोरीकडे बघत होते. तिने माझी बाही ओढली.

“आत्या, ह्या रंगाच्या खाली कोणीच नाही ना?”

“नाही. ते नुसतं चित्र आहे.”

“म्हणून उठला,” ती म्हणाली. “आमच्या रंगाखाली बाबा होते.”

आणि तिने इतर पोरांबरोबर टाळ्या वाजवल्या, मनापासून, सिनेमा चांगला होता म्हणून. घरी आल्यावर ती सरळ मोरीत गेली, तेलाची वाटी घेऊन आली, माझ्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, “माझी वेणी घाल.”