गुप्ते काकांची सही

आमच्या कोपरच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पक्कं माहीत आहे, की तिसऱ्या मजल्यावरचे सुधीर गुप्ते काका लाच घेताना पकडले गेले आणि सस्पेंड झाले. वॉचमन तर लिफाफ्याचा रंगही सांगतो. सस्पेंड झाले हे खरं. पण लाच नाही, आणि पकडलं त्यांना त्यांनीच.

काका सरकारी विद्युत निरीक्षक. लिफ्ट, जनरेटर तपासून मंजुरी द्यायची, आणि शॉक लागून कोणी गेलं की चूक कोणाची ते लिहायचं. एकतीस वर्षं. मेलेल्याला ते कधी ‘बॉडी’ म्हणाले नाहीत. "गृहस्थांच्या हातात ग्लोव्हज होते का?" हे मी त्यांची नक्कल करत नाक चोंदल्यासारखं म्हटलं, की मंदाकिनी काकू आतून ओरडतात, "अहो, आलात का?"

मार्चमध्ये माजिवड्याला काळुराम नावाचा लाइनमन खांबावरच गेला. लाइन बंद करून, रीतसर परमिट घेऊन चढलेला. खाली लग्नाच्या हॉलने जनरेटर लावला आणि ती वीज उलटी तारेत आली. असं होऊ नये म्हणून एक स्विच असतो. तो बसवलाच नव्हता.

आणि हॉलच्या मंजुरीवर सही काकांची. दोन वर्षांपूर्वी तिथे संध्याकाळचा मुहूर्त होता, मुलीचा बाप हात जोडून उभा. मालक म्हणाला, "साहेब, स्विच उद्या बसतोय." काकांनी सही केली. उद्या बघायला गेले नाहीत.

माजिवडा त्यांच्याच हद्दीत, म्हणून चौकशीही त्यांच्याकडेच. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे वाक्य सगळ्यांनी तयारच ठेवलेलं. ते लिहिलं तर काळुरामच्या बायकोला, मालनला, ना भरपाई ना नोकरी. ती कल्याणहून काकांच्या दारात आली. "साहेब, आमचं माणूस घरचा बल्ब बदलतानापण मेन बंद करायचं हो."

दुसऱ्या दिवशी जिन्यात मी त्यांच्या साहेबांचा आवाज काढला. "गुप्ते, चार महिने राहिलेत रिटायरमेंटला. कशाला उकरताय?"

एरवी काका हसतात. म्हणाले, "हुबेहूब. आजच म्हणाले तसं."

"मग पैज, काका. तुम्ही स्वतःचं नाव लिहीत नाही."

"अगं, पैजेला काहीतरी लावावं लागतं. हरलीस तर अहवाल मालनबाईंना तू वाचून दाखवायचास. त्यांना वाचता येत नाही."

"आणि जिंकले तर?"

"तर मी."

जूनमध्ये कल्याण पूर्वेला, पत्र्याच्या खोलीत मी वाचत होते. ‘मृत कामगाराची चूक नाही. स्विच न तपासता मंजुरी देणारा अधिकारी : सु. वि. गुप्ते.’ मालनबाईंनी पहिलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग दुसरं.

"म्हणजे तेच ना गं? ज्यांच्या दारात मी रडले?"

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्यासमोरचा चहा उचलला आणि आत नेला.

तीन पानं उरली होती. पैज मी हरले होते. वाचत राहिले.