इस्त्रीबाईला आलेलं सहावं पत्र

अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या त्या छापखान्यात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिचे कान तिखट होते, तिला कळायचंच. ब्रेलच्या कच्च्या पानांवर बोट फिरवून ती चुका शोधायची. चुकीचा ठिपका सापडला की लाकडी खुंटीने दाबून तो असा जमीनदोस्त करायची, की तिथे काही होतं हे दुसऱ्या बोटाला कळू नये. जन्मापासून अंध, तीस वर्षांची नोकरी, आणि चूक कुणाचीही असो, गय नाही.

गय तिने सख्ख्या धाकट्या बहिणीचीही केली नव्हती. आई गेली ते बहिणीने दोन दिवसांनी कळवलं. म्हणे, तुला त्रास नको म्हणून. आईला इस्त्रीबाईने आयुष्यभर हातांनीच पाहिलं होतं, आणि शेवटचं पाहायचं राहून गेलं. तेव्हापासून बोलणं बंद. फोन वाजला की ती वाजू द्यायची. मग ब्रेलमध्ये हाताने टोचलेली पत्रं येऊ लागली. लहानपणी ताईशी चिठ्ठ्याचपाट्या करता याव्यात म्हणून बहीण ब्रेल शिकली होती, पण डोळस माणसांसारखी, ठिपके डोळ्यांनी बघून वाचायची. इस्त्रीबाई प्रत्येक पत्राचा पहिला शब्द तेवढा वाचायची. 'ताई.' मग खुंटी घेऊन ठिपका न् ठिपका सपाट करायची आणि कोरं झालेलं पान परत धाडायची. अशी पाच पत्रं झाली. पहिल्या वेळी तिने मध्येच खुंटी खाली ठेवली होती, हे खरं. पाचव्या वेळी ती गुणगुणत होती.

सहावं आलं त्या सकाळी तिच्यापुढे बायबलची पानं होती. गुलामांना सोडायला तयार नसलेल्या फारो राजाची गोष्ट. संकट आलं की राजा नरमायचा, टळलं की पुन्हा मन घट्ट करायचा. तिला तो आवडू लागला होता. नाही म्हणजे नाही. पण सहाव्या संकटाशी बोट अडखळलं. इथे राजाचं मन राजाने घट्ट केलं नव्हतं, देवाने केलं होतं. तिला वाटलं, छापणाऱ्याची चूक. शेजारच्या टेबलाशी मास्तर बसत. तेही अंध, निवृत्त शिक्षक. तिने त्यांना विचारलं.

"चूक नाही ती," मास्तर म्हणाले. "तसंच आहे."

"पण त्याने नंतर ऐकायचं ठरवलं असतं तर?"

"ठरवणार कशाने, बाई?"

तिने ते पान बाजूला सारलं. विषय टाळावा म्हणून तिने बहिणीचं पाकीट फोडलं. पानावर बोट ठेवलं. कोरं. उलटून पाहिलं, तरी गुळगुळीत.

"माझंच पान मला परत पाठवलंय बयेने."

मास्तरांनी पान ओढून घेतलं. "कोरं कुठलं? चांगले टरटरीत ठिपके आहेत." आणि ते वाचू लागले. 'ताई, माझी नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात, दोनतीन महिने. मला बोटांनी वाचायला शिकव. दुसऱ्या कुणाकडून मला शिकायचं नाही. तू पाठवलेली कोरी पानं ठेवलीत मी. त्यांवर बोट फिरवत बसते.'

इस्त्रीबाईला कळून चुकलं. पाचही पत्रांत हेच असणार. तिने पान परत घेतलं. मास्तरांनी तिचं बोट धरून एकेका ओळीवरून नेलं. तिला काही म्हणजे काही लागेना. घाबरून तिने बायबलच्या पानावर हात टेकला. तिथला प्रत्येक ठिपका स्वच्छ लागत होता.

"फोन कर तिला," मास्तर हळू म्हणाले.

"काय सांगू? शिकवणार कशाने?"

तरी तिने ब्रेलच्या पाटीत कागद अडकवला, टोचा उचलला आणि एकच शब्द लिहिला. 'येते.' सवयीने कागद उलटून तपासला. गुळगुळीत.

"उमटलंय," मास्तर चाचपून म्हणाले. "नीट उमटलंय, बाई."

तिचा विश्वास बसला नाही. तिने कागद पुन्हा अडकवला, त्याच जागी पुन्हा टोचलं, पुन्हा तपासलं, मग आणखी जोर लावून. मास्तर थांब म्हणत होते. शेवटी त्यांनी तिच्या मुठीतून टोचा सोडवून घेतला, तेव्हा त्या जागी शब्द उरला नव्हता, नुसतं भोक होतं. त्याची फाटकी कड मात्र तिच्या बोटाला नीट लागली.