आमच्या हिचं बदामाचं झाड

हे मी कुणाला बोललो नाही. हिला तर नाहीच — आणि आता ही गेली, दिवाळीला वर्ष होईल. बसलाच आहात तर ऐका.

मी सातवी नापास वायरमन. आमची सुमन इंग्रजीची प्रोफेसर! लग्नानंतर शिकली. घाटकोपरच्या कॉलेजात चारशे वर्षांपूर्वीची विलायती नाटकं शिकवायची. राजे, भुतं, खून — एकदम झकास. पुढं तिनं नवंच काढलं: त्या नाटकांत झाडं कशी येतात, जंगल कोण तोडतं. मी म्हणायचो, "अगं, नाटकात माणसं बघायची की झाडं?"

"अहो, माणसांकडे सगळेच बघतात," ती म्हणायची.

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमागे बदामाचं झाड होतं. दर रविवारी हिचे विद्यार्थी त्याखाली जमून नाटकं वाचायचे. सगळं इंग्रजीत. चहा मी न्यायचो. खो खो हसायचे सगळे — कशाला? मला काय कळणार! एकदा ही माझ्याकडे बघून हसली. मला हसली का? नसेल. पण विचारलं का मी? नाही.

कोकणात आमच्याकडे म्हणतात, झाड मारायचं तर खोडात हिंग भरावा. ड्रिल घरचंच. हिचं शनिवारी कॉलेज असायचं — मी भोकं पाडली, हिंग कोंबला, वर माती लिंपली. एकदा नाही, दोन महिने दर शनिवारी. हिंगानं मेलं की भोकांनी, देव जाणे. पण मेलं.

"अहो, हिंगाचा वास कुठून येतोय?"

"शेजारच्या जोशीकाकूंची आमटी," मी म्हणालो. बिचाऱ्या जोशीकाकू!

वास जावा म्हणून रोज सकाळी खोडावर बादलीभर पाणी ओतायचो. ते हिनं खिडकीतून पाहिलं. तिला वाटलं, मी झाड जगवतोय.

झाड पडलं, रविवार बंद झाले. ही घरात एकटीच मोठ्यानं वाचायची. हसायची नाही. मग त्या झाडावर तिनं लेख लिहिला, फार गाजला म्हणे. पहिली ओळ तिनं मला मराठीत सांगितली, माझा हात धरून: 'शेवटपर्यंत या झाडाला पाणी घालणाऱ्या माझ्या नवऱ्याला.'

तेव्हा बोलायला काय झालं होतं? तोंड होतं ना मला?

मी मान डोलावली. त्यानंतर अकरा वर्षं, पाहुण्यांपुढं ही ते कौतुकानं सांगायची आणि मी मान डोलवायचो.