बोटीवरच्या कुरडया

हवेचा अंदाज आमच्या व्याह्यांइतका चुकणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. लकडगंजात त्यांचं कूलर बनवायचं दुकान होतं आणि चाळीस उन्हाळे लोकांच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावण्यात गेले होते. अशा माणसाला ऊन-पाऊस कळावा की नाही? पण सकाळी गच्चीवर उभं राहून, नाक वर करून ते "आज ढगाचं नाव नाही" म्हणाले की दुपारी हमखास कोसळायचं. "आज पाणी येते" म्हणाले की दिवसभर अंगाची लाही लाही. बरं, स्वतःचा थाट असा की मे महिन्यात एका खिशात लू लागू नये म्हणून कांदा, दुसऱ्या खिशात कानटोपी, आणि कडक उन्हाची ग्वाही देऊन झाली की बगलेत छत्री मारून दुकानात. मी एकदा छत्रीचं कारण विचारलं, तर म्हणाले, "आता घेतलीच आहे, तर घरी ठेवून काय करू इवाईबुवा?" आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

मुलांच्या लग्नात "बिनधास्त मांडवात पंगत बसवा" असं त्यांनी विहीणबाईंदेखत मला ठासून सांगितलं. मी पाट मांडायला घेतले, तोवर विहीणबाईंनी सगळी भांडी सभागृहात हलवलीसुद्धा. पहिला भात पडतो न पडतो तोच बाहेर वादळाने मांडव आडवा केला. मला कुतूहल होतं ते या बाईंचं. नवरा रोज चुकतो, तरी रोज सकाळी त्यालाच विचारतात, "अवो, कसं आहे आज आभाळ?" आणि इतकं करून त्यांच्या वाळवणाला वर्षानुवर्षं पावसाचा थेंब लागलेला नाही! हे कोडं मला काही सुटत नव्हतं.

सुटलं ते बोटीवर. जावयाने आम्हा दोन्ही जोडप्यांसाठी भिवापूरच्या पुढे, वैनगंगेच्या धरणात एका रात्रीची बोट ठरवली. इकडे विहीणबाईंनी कुरडयांसाठी गहू भिजत घातलेला. तीन दिवस भिजून वाटला की चीक शिजवावाच लागतो, नाहीतर आंबून वाया जातो, आणि बोटीची तारीख नेमकी त्याच दिवशी आली. त्यात मुलीला सातवा महिना, रविवारी डोहाळजेवण, आणि तिला सासूच्या हातच्या कुरडयांचेच डोहाळे. पुन्हा गहू भिजवायला वेळ नव्हता. "चीक संगं नेऊ," विहीणबाई म्हणाल्या. लोक बोटीवर दुर्बीण नेतात, आम्ही सोऱ्या, पातेलं आणि जुनं नऊवारी नेलं.

सकाळी आठपर्यंत बोटीच्या छतावर नऊवारी अंथरून कुरडया घातल्यासुद्धा. हवेचं मात्र काही खरं नव्हतं. आधी गार वारा, दहाला पाय ठेववेना असं ऊन, मग काठावरून वावटळ उठली आणि धूळ थेट आमच्या चहात. व्याही खाली जाऊन झोपले, तेव्हा मी विहीणबाईंना विचारून टाकलं, "ते एवढे चुकतात, तरी विचारता कशाला?"

त्या इकडेतिकडे बघून हसल्या. "भाऊ, लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी ऊन सांगितलं अन् साऱ्या कुरडया भिजल्या. लय रडली मी. तेव्हापासून त्यांना विचारते अन् उलटं करते. सांगू नका बरं, जीवाले लागंल त्यांच्या."

तीनच्या सुमारास आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. एकाएकी व्याही कानटोपी घालून वर आले. नाक वर केलं, आणि छत हादरेल अशा आवाजात म्हणाले, "अवं, संध्याकाळपर्यंत कडक ऊन आहे! राहू दे पसरलेलं!"

विहीणबाईंनी पदर खोचला. "भाऊ, धरा टोक!" एक टोक मी धरलं, एक माझ्या बायकोने, एक त्यांनी. चौथं टोक व्याह्यांनी आमच्या आधीच धरलं होतं, आणि तोंडाने चाललं होतं, "काहून उचलून राहिले? ऊन आहे न!" ओल्या कुरडया कशाबशा खोलीत पोचल्या आणि पाव तासात बोरांएवढ्या गारा छतावर ताडताड वाजायला लागल्या. एकही कुरडई मोडली नव्हती.

मागच्या दारात मी आणि व्याही, दोघंच गारा बघत उभे होतो. "चौथं टोक तुम्हीच आधी धरलंत," मी म्हणालो. ते म्हणाले, "चाळीस वर्षं वाळा भिजवला, इवाईबुवा. पाणी येणार असलं की हवेचा वास बदलते. मले झोपेतही समजते."

"मग उलटं का सांगता?"

"पहिल्या साली चुकलो, तिले रडवलं. तेव्हापासून ती माझ्या उलट करते. मी खरं बोललो तर कुरडया भिजतील न! तिले सांगू नका, वाईट वाटंल."

चाळीस वर्षं हा माणूस कुरडयांपायी गावभर हसू करून घेत होता. डोहाळजेवणाला मुलगी सहा कुरडया खाऊन गेली, आणि दोघांची दोन गुपितं मी पोटात ठेवली. 

त्या हिवाळ्यात व्याही गेले. परवा सकाळी विहीणबाईंचा फोन आला. "भाऊ, चीक शिजला आहे. फोनमध्ये दाखवते म्हणतेत सारे, पण माझा नाही भरोसा. कोणाले विचारू आता? तुम्हीच सांगा आभाळ कसं आहे. त्यांच्यावाणी सांगा."

मी गॅलरीत आलो. पूर्वेकडे काळंभोर भरून आलं होतं. मला त्यांची फार आठवण आली. नाक वर करून म्हणालो, "कडक ऊन आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोनमधून वाळवणाची खाट आत ओढल्याचा आवाज आला.