कारखाना पाटी

आज माझ्या बापाला त्याच्याच रानात जागा मिळाली नाही.

अप्पा आज पहाटे लिंगैक्य झाले.

आमच्या लिंगायतांत माणूस जाळत नाहीत. बसवून समाधी देतात. ज्याला रान आहे त्याला त्याच्या रानात. अप्पांच्या आईची, आमच्या अव्वाची समाधी आमच्याच रानात आहे. तिच्या शेजारची जागा अप्पांनी स्वतःसाठी कधीच ठरवून ठेवली होती.

पण ते रान आता आमचं नाही. तो आता प्लॉट आहे.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. मागास भागात उद्योग आणणाऱ्या सरकारी महामंडळाची जीप निलंग्याच्या रस्त्यानं गावात आली. साहेब चावडीवर म्हणाले, इथं औद्योगिक वसाहत होणार. रस्ता, लाईट, पाणी आम्ही देऊ, कारखाने आपोआप येतील.

जमीन द्यायला सगळे कचरत होते. पहिले उठले ते अप्पा.

"बहात्तरच्या दुष्काळात म्या खडी फोडली. माझ्या लेकरांवर ती पाळी नको. घ्या माझं रान."

अट एकच घातली. "अव्वाच्या बाजूला माझी जागा तेवढी ठिवा."

साहेब म्हणाले, "बघू."

ऑफिसातलं 'बघू' म्हणजे नाही, हे आता मला कळतं. आमच्या गावात बैठकीत मोठा माणूस 'बघू' म्हणाला की काम झालं, असंच धरतात. अप्पांनीही तसंच धरलं. शेवटपर्यंत.

मग ते दारोदार फिरले, बाकीच्यांना राजी केलं. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, तेवढे अडून बसले. काकांचं रान आमच्या रानासमोर, रस्त्याच्या पलीकडे. अप्पा त्यांना चारचौघांत बोलले, "तू जिल्ह्याचा दुश्मन हाईस."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

महामंडळानं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. डांबरी रस्ता केला. खांब रोवले. तारेचं कुंपण घातलं. रस्त्याच्या कडेला भली मोठी पाटी लावली, 'नियोजित औद्योगिक वसाहत'.

पाणी तेवढं आलं नाही. पाईप पुरले, पण ज्या तलावातून पाणी यायचं तो तलावच उन्हाळ्यात कोरडा पडायचा. कारखानदार यायचे, प्लॉट बघायचे, पाण्याचं विचारायचे आणि चहा पिऊन परत जायचे.

एस.टी. मात्र थांबायला लागली. आमच्याकडे फाट्याला पाटीच म्हणतात, म्हणून त्या जागेचं नाव पडलं कारखाना पाटी. कंडक्टर अजून ओरडतो, "चला, कारखाना पाटीवाले!" उतरून बघावं तर नुसत्या बाभळी.

अप्पा रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचे. अनोळखी गाडी थांबली की टोपी सारखी करून उभे राहायचे, हात जोडून आमच्यातला नमस्कार करायचे, 'शरणार्थ'. गाडीवाल्याला बहुतेक वेळा निलंग्याचा रस्ता विचारायचा असायचा.

माझं सासर नांदेडला. मी माहेरी आले की पहिला प्रश्न ठरलेला. "तुमच्या विष्णुपुरी धरणात पाणी हाय का गं?"

"हाय की अप्पा."

"मग इकडं का आणत न्हाईत?"

काय सांगणार, कप्पाळ!

माझा भाऊ बसू याच पाटीवरून पुण्याच्या गाडीत बसला. चाकणला कंपनीत लागला. त्याची बॅग अप्पांनी स्वतः वर चढवून दिली. "इथलं चालू झालं की ये माघारी."

आज दुपारी बसू आला. त्याच पाटीवर उतरला.

आल्या आल्या त्यानं महामंडळाच्या ऑफिसात फोन लावला. साहेब तरुण होते, बोलायला चांगले होते. "मला खरंच वाईट वाटतंय. पण तो प्लॉट औद्योगिक आहे. तिथं दफन चालत नाही."

बसू म्हणाला, "मग तिथं काय चालतं, साहेब?"

साहेबांनी पुन्हा 'वाईट वाटतंय' म्हणून फोन ठेवला. त्या पोरावर तरी काय चिडायचं? पण संताप होतोय, लई संताप होतोय, आणि तो ठेवायला जागा नाही.

तेवढ्यात काका दारात येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"अण्णाला माझ्या रानात बसवा," ते म्हणाले. "त्यानं त्याचं देऊन टाकलं. माझं अजून माझ्याजवळ हाय."

एवढं बोलले आणि उंबऱ्यावरच बसून रडायला लागले.

दिवस मावळायच्या आत स्वामींनी अप्पांना विभूती लावली, बेल वाहिला आणि रिवाजाप्रमाणे उत्तरेकडे तोंड करून बसवलं.

मी सहज उत्तरेकडे बघितलं.

समोर रस्ता. रस्त्यापलीकडे तार. तारेच्या आत अव्वाची समाधी. आणि बाजूला ती पाटी, अक्षरं उडालेली.

तिथं कारखाना येणार नाही. मला माहीत आहे, बसूला माहीत आहे, महामंडळाला तर कधीचं माहीत असेल. अप्पांना तेवढं कुणी सांगितलं नाही.

माती लोटत होतो तेव्हा एस.टी. थांबली. कुणी उतरलं नाही.

बसा अप्पा.

शरणार्थ.