दिलीपचं मरणोत्तर नाव

फोन दिलीपच्या मुलाचा, निनादचा होता. "काका, बाबा गेले," एवढंच तो मराठीत बोलला. पुढचं हॉस्पिटलचं, क्रेमॅटोरियमचं सगळं इंग्रजीत. मी हूफडॉर्पला ऑफिसात होतो. हा वेळेवर बापाजवळ पोचला होता का, एवढंच मनात आलं, पण विचारायचा धीर झाला नाही. पोचला नव्हता, हे नंतर कळलं.

रायस्वाइक या डच गावात दिलीपचं आणि माझं दार शेजारी. तो आयंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करायचा, आणि डोक्यात कायम चीनचे राजे! शनिवारी आम्ही सायकली काढून कालव्याच्या कडेनं डेल्फ्टला जायचो. समोरून वारा इतका की मला श्वास घेता येईना, आणि हा गडी एकेक राजघराणं ऐकवतोय. त्याची आवडती गोष्ट मरणोत्तर नावांची. राजा मेला की त्याची कारकीर्द बघून मुलगा आणि दरबारी त्याला एका शब्दाचं नाव द्यायचे. विद्वान असेल तर 'वन', पराक्रमी असेल तर 'वू', क्रूर असेल तर 'ली'. तेच त्याला कायमचं चिकटायचं. "खादाडाला काय म्हणतात ते तुझ्यासाठी शोधून ठेवतो," असं मला म्हणायचा. पहिला सम्राट छिन शिहुआंग यानं मात्र ही पद्धतच बंद केली. मुलांनी बापाचा न्याय करायचा, हे त्याला मंजूर नव्हतं. "बाकी माणूस हलकट, पण इथे मला त्याचं पटतं," दिलीप म्हणायचा.

त्याला ते का पटायचं, हे मला ठाऊक होतं. वहिनी लवकर गेल्या. घरात बापलेक दोघंच. निनादनं डेल्फ्टचं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं आणि सायकलदुरुस्तीच्या दुकानात लागला. "या घरात त्या दुकानाबद्दल एक शब्द बोलायचा नाही," दिलीपनं बजावलं. निनादनं मग बाकीचंही बोलणं बंद केलं आणि वेगळी खोली घेतली. एकदा सायकल चालवताना दिलीप मला राजा ली याची हकिकत सांगत होता. आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याला हा राजा मारून टाकायचा, म्हणून माणसं रस्त्यात भेटली तरी नुसती एकमेकांकडे बघायची. शेवटी लोकांनीच त्याला हाकलला, आणि तो परमुलखात मेला. माझं डोकंच फिरलं.

"अरे, तू स्वतःच्या घराचं सांगतोयस, कळतंय का तुला?"

त्यानं सायकल थांबवली. "कळतंय," म्हणाला, आणि परत पॅडल मारायला लागला.

गेल्या हिवाळ्यात दुखणं निघालं आणि झपाट्यानं वाढलं. हॉस्पिटलात एकदा त्यानं विचारलं, "निनाद मला काय नाव देईल रे?"

"त्यालाच विचार की."

"नको. 'ली' म्हणेल. खोटं बोलायची सवय नाही त्याला."

अंत्यविधीला निनाद बोलायला उभा राहिला. समोर डच मंडळी बरीच होती, तरी तो अडखळत का होईना, मराठीत बोलला. "मी लहान असताना बाबा मला सायकलवर पुढे बसवून गोष्टी सांगायचे. चांगली नावं, वाईट नावं. आणि तिसरी पण असतात. माणूस मध्येच गेला, त्याचं काम राहिलं, आणि मागच्यांना फार... फार वाईट वाटतं, म्हणून दिलेली. 'दाओ'. माझे बाबा दाओ."

हा तिसरा प्रकार दिलीपनं मला कधी सांगितला नव्हता. नंतर सगळे कॉफी घेत उभे होते, तेव्हा मी निनादला बाजूला घेतलं. "कधी ठरवलंस हे?"

"बाबा आजारी पडले तेव्हाच. बट ही नेव्हर आस्क्ड, काका."

मला रडू आवरलं नाही. माझा मित्र 'ली' हेच नाव डोक्यात घेऊन गेला.

निनाद आता त्याच घरात राहायला आलाय. बाप गेल्यावर तीन वर्षं त्याची रीत मोडू नये, असं कन्फ्यूशियसचं मत होतं म्हणे. म्हणून दिलीपच्या खोलीतलं त्यानं काही हलवलेलं नाही. परवा मी डबा द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत निनाद पलंगाच्या कडेला बसून दिलीपच्या रिकाम्या खुर्चीशी मराठीत बोलत होता. आज दुकानात काय काय झालं, ते सांगत होता.